मदत हवी आहे: सिनेमा क्विझमध्ये दोन्ही टीमचं उत्तर बरोबर, गुण कुणाला?

पाथर्डीफाटा_मन्या: सोसायटीच्या गणपतीत सिनेमा ओळखायचा खेळ ठेवलाय, काल पहिली फेरी झाली, एका फोटोवर दोन टीमनी वेगवेगळी उत्तरं दिली आणि दोघी म्हणतात आमचंच बरोबर. गुण सारखे आहेत, एकच टीम फायनलला जाणार, फायनल उद्या रात्री आठला. लवकर सांगा, ग्रुपवर सकाळपासून शंभर मेसेज झालेत.

रीळवाला: फोटो कुठला ते सांगा ना आधी. आणि उत्तरं काय दिली?

गोदाकाठ: आमच्या सोसायटीत पण हेच झालं होतं म्हणून आम्ही बझर लावला. दाराची वायरलेस बेल दोन घ्यायची, वेगवेगळ्या रिंगटोनच्या, आधी वाजली त्याचा गुण. संपला विषय.

पाथर्डीफाटा_मन्या: दादा उत्तर आधी कोणी दिलं हा प्रश्नच नाहीये, चिठ्ठीवर लिहून घेतलीत. आयडिया अमेरिकेतल्या मूव्हीलँड क्विझची आहे, १९४८ सालचा एबीसी टीव्हीवरचा शो, जुन्या सिनेमांचे फोटो दाखवायचे आणि सिनेमा नि नट ओळखायचे. सेट थिएटरच्या दर्शनी भागासारखा, तिकीट खिडकीसकट. आम्ही पण फ्रिजच्या खोक्याची खिडकी केलीय, वर विजयानंद टॉकीज लिहिलंय, आतून एक छोटी मुलगी तिकिटं फाडून देते.

कट्टा_कॉलेजरोड: १९४८?? आपल्याकडे टीव्हीच १९५९ ला आला, तोही दिल्लीत. मुंबई दूरदर्शन १९७२. अंताक्षरी ठेवायची होती सरळ, अन्नू कपूरसारखी, सगळ्यांना येते.

रीळवाला: अंताक्षरीत बेसूर लोक माईक सोडत नाहीत. हा खेळ बराय. तो शो आधी आर्थर क्यू. ब्रायन चालवायचा, कार्टूनमधल्या एल्मर फडचा आवाज त्याचाच. असो. फोटो कुठला???

पंचवटी_आजोबा: दादासाहेब फाळक्यांवर प्रश्न होता का? जन्म त्र्यंबकेश्वरचा, १९१८ ला हिंदुस्तान फिल्म कंपनी नाशकात काढली, गेले पण इथेच, १९४४ ला. नाशिककरांनी सिनेमाचा खेळ ठेवायचा आणि फाळके नाहीत हे काही बरं दिसत नाही.

पाथर्डीफाटा_मन्या: आजोबा आहेत फाळके, फायनलला आहेत, आता इथे फोडू नका. फोटो म्हणजे एक तरुण बाई आणि शेजारी म्हातारा नवरा, ब्लॅक अँड व्हाइट. एका टीमने कुंकू लिहिलं, दुसरीने दुनिया न माने.

रीळवाला: अहो मग हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं! दोन्ही बरोबर. प्रभातने १९३७ ला एकच गोष्ट मराठीत कुंकू आणि हिंदीत दुनिया न माने म्हणून काढली, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्हीकडे. नुसत्या फोटोवरून कुठली ते ठरवणं कठीण. दोघींना गुण द्या.

कट्टा_कॉलेजरोड: महाराष्ट्रात राहतो, मराठी नाव लिहिलं त्यांना गुण.

गोदाकाठ: उगाच भाषेवर नेऊ नका. बझर असता तर ही वेळच आली नसती.

रीळवाला: बझरचं राहू द्या हो. मन्याशेठ, तुमच्या त्या अमेरिकन शोत नट पण ओळखायचे ना? चिठ्ठीवर नटीचं नाव मागितलं होतं का?

पाथर्डीफाटा_मन्या: हो मागितलं होतं, ते बघितलंच नाही कोणी, सिनेमाच्या नावावरच भांडण सुरू झालं. थांबा चिठ्ठ्या काढतो.

पाथर्डीफाटा_मन्या: दुनिया न माने वाल्यांनी शांता आपटे लिहिलंय. कुंकू वाल्यांनी शांता हुबळीकर.

रीळवाला: हुबळीकर 'माणूस' मधल्या, तो १९३९ चा. संपलं मग, सिनेमाचा गुण दोघींना, नटीचा एकीलाच. आपटे वाली टीम फायनलला.

पंचवटी_आजोबा: अगदी बरोबर. माणूस मी दोनदा बघितलाय.

पाथर्डीफाटा_मन्या: थँक्यू पण एक सांगायचं राहिलं, कुंकू वाल्या टीममध्ये माझ्या सासूबाई आहेत आणि हुबळीकर त्यांच्याच अक्षरात आहे

गोदाकाठ: बेल पाहिजे असेल तर सांगा, आमच्याकडे दोन पडून आहेत. सेल तुमचे.