विषय: फ्लोरेसमधली जमीन आणि वाए रेबोची सहल

प्रसाद, सिंगापूर

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या लाँग वीकेंडला जोडून सुट्टी घेऊन इंडोनेशियातल्या फ्लोरेस बेटावर जायचं ठरतंय. आम्ही चार कुटुंबं आहोत. लाबुआन बाजो, कोमोदो आणि मग डोंगरातलं वाए रेबो गाव. गाडीची चौकशी करताना एका एजंटाने दुसराच विषय काढला. डेंगे गावाच्या वरच्या अंगाला, वाए रेबोच्या वाटेवर, उताराची जमीन विकायची आहे. समोर समुद्र दिसतो, भाव अगदी कमी. "परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, पण गावातल्या एकाच्या नावावर घेऊ आणि तुमच्याशी वेगळा करार करू," असं तो म्हणतो. चौघांत मिळून घ्यावी आणि चार खोल्यांचं होमस्टे काढावं, असं आमच्या डोक्यात आहे. मीनलताई, तुम्ही इतकी वर्षं जकार्तात आहात, तुमचं मत हवं. शशांककाका, तुमचंही.

प्रसाद

मीनल, जकार्ता

प्रसाद, सहलीला जरूर जा, पण त्या जमिनीत एक रुपियाही अडकवू नकोस. जरा लांबण लावून लिहिते, कारण असल्या 'स्वस्त' जमिनींचे निरोप आता आपल्यातल्या बऱ्याच जणांना येतात.

एजंट सुचवतोय त्याला इथे 'पिंजाम नामा' म्हणतात. नाव गावकऱ्याचं, पैसा आपला. बालीत हे सर्रास होतं, म्हणून ते चालतं असं लोक धरून बसतात. 1960 च्या मूळ जमीन कायद्याप्रमाणे पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', व्यक्ती म्हणून फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. याच कायद्याचं कलम 26 म्हणतं की परदेशी माणसाकडे ती थेट किंवा आडमार्गाने जावी म्हणून केलेला व्यवहार मुळातच रद्द. जमीन सरकारजमा होते, आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. हा शेवटचा भाग चौघांनीही नीट वाचा. ज्याच्या नावावर जमीन ठेवाल तो उद्या वारला तर मुलं वारस होतील, त्यांनी तुमचा करार का मानावा? कोर्टात गेलात तर कायदा डावलल्याचा कागद तुम्ही स्वतःच पुढे कराल.

पण मला जास्त काळजी वाटते ती त्या डोंगराची. तो मुलूख मांगाराई लोकांचा. तिथे परंपरेने शेतजमीन, 'लिंगको', ही गावाची. मधोमध खुंट रोवायचा, तिथून बाहेरच्या कडेपर्यंत पाचरी आखायच्या, आणि कुणाची पाचर केवढी ते मध्यापाशी बोटांनी मोजून ठरवायचं. वाटप करतो तो 'तुआ तेनो', गावाचा मानकरी. रुतेंग शहराजवळ चांचारच्या टेकडीवरून अशी चक्राकार भातशेतं दिसतात, तिथे थांबाच. आज बऱ्याच जमिनींना वैयक्तिक नावाचं प्रमाणपत्र असतं. तरी कागदावर एक नाव आणि मागे हक्क सांगणारं अख्खं घराणं, अशी स्थिती पुष्कळदा असते. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्याच्या जमिनीचा एका भावाने परस्पर सौदा केला की काय होतं, ते आपल्यातल्या अनेकांनी घरात पाहिलंय. इथे तर आपण परके, भाषाही परकी.

लाबुआन बाजोला पर्यटनाचा जोर आल्यापासून जमिनीचे तंटे फार वाढलेत. तिथल्याच केरांगानच्या सुमारे 30 हेक्टर सरकारी जमिनीच्या व्यवहारावरून 2021 मध्ये कुपांगच्या भ्रष्टाचारविरोधी न्यायालयाने बऱ्याच जणांना शिक्षा सुनावल्या. सरकारी जमिनीची ही गत, तर डोंगरातल्या उताराचं कोण बघणार?

आता वाए रेबोचंच बघ. तिथली सात घरं, 'म्बारू नियांग', शंकूच्या आकाराची आहेत, छप्पर थेट जमिनीपर्यंत उतरलेलं. आत पाच मजले: खाली माणसं राहतात, वर धान्य, त्यावर बियाणं, मग दुष्काळासाठीचा साठा, आणि सगळ्यात वर पूर्वजांचा नैवेद्य. एकेकाळी यातली चारच उरली होती. 2008 मध्ये वास्तुविशारद योरी अंतार आणि त्यांचे सोबती तिथे पोहोचले, त्यांनी देणगीदार मिळवले, पण घरं उभारली गावकऱ्यांनी, जुन्या रीतीने. 2012 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान याच कामाला मिळाला. बाहेरून पैसा आला आणि मालकी गावाकडेच राहिली. मला गुंतवणुकीची ही तऱ्हा मनापासून पटते.

मीनल

शशांक, पर्थ

मीनल, उत्तम लिहिलंस. आडमार्ग नकोच, हे मान्य. पण सरळ मार्ग आहे ना? परदेशी भांडवलाची कंपनी काढून भाडेपट्ट्यासारखा हक्क घेता येतो असं ऐकतो. ही मुलं हौसेने काही उभं करू पाहताहेत, त्यांचा उत्साह मोडू नये असं वाटतं.

शशांककाका

मीनल, जकार्ता

काका, सरळ मार्ग आहे. त्या कंपनीला 'पेटे पेएमा' म्हणतात. तिला बांधकामाचा हक्क, 'हाक गुना बांगुनान', मिळू शकतो: आधी 30 वर्षं, मग 20 ची मुदतवाढ, मग 30 वर्षांचं नूतनीकरण. इथे राहण्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला घरापुरता वापराचा हक्कही मिळतो. पण कंपनीसाठी एकूण गुंतवणूक 10 अब्ज रुपियांहून जास्त दाखवावी लागते, म्हणजे भारतीय पाच कोटींच्या वर. चार खोल्यांच्या होमस्टेचा हिशेब यात बसत नाही. वर नोटरी, जमीन कार्यालयातली तपासणी, बांधकाम परवाना, करांची विवरणपत्रं हे सगळं सांभाळायला तिथे माणूस हवा.

आणि समजा बसला हिशेब. डेंगेत आज होमस्टे कोण चालवतं? तिथलीच कुटुंबं. वाए रेबोला जाणारा पाहुणा पहाटे निघायचं म्हणून आदल्या रात्री त्यांच्याकडे उतरतो, हेच त्यांचं उत्पन्न. त्याच वाटेवर सिंगापूरच्या पैशाचं चकाचक होमस्टे उभं राहिलं तर आपण त्यांच्याच ताटातलं घेऊ. काका, या मुलांचा उत्साह मलाही प्यारा आहे, म्हणूनच स्पष्ट लिहितेय.

मीनल

उर्वी, मेलबर्न

प्रसाददादा, आम्ही जाऊन आलोय, म्हणून थोडं सहलीबद्दल.

भारतीय पासपोर्टवर आगमनानंतरचा व्हिसा मिळतो, पाच लाख रुपिया, 30 दिवस. ऑनलाइन आधीच काढा. लाबुआन बाजोहून डेंगेला गाडीने जवळजवळ अख्खा दिवस जातो, रस्ता वळणांचा आहे, मुलांना उलटीच्या गोळ्या द्या. पुढे दोन-तीन तासांची चढण. ऑगस्ट कोरडा असतो, पण गाव हजार मीटरच्या वर, रात्री चांगलीच थंडी पडते. गावात पोहोचल्यावर आधी मुख्य घरात जायचं. तिथे ज्येष्ठ माणसं 'वाए लुउ' हा स्वागताचा विधी करून पूर्वजांना तुमची ओळख देतात. तोवर फोटो काढायचे नाहीत, मुलांना हे आधीच सांगून ठेवा. झोपायचं सगळ्यांनी एकाच गोल घरात, चटयांवर. शाकाहारी असाल तर आधी कळवा, भात, भाजी, अंडं मिळतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी सोबत काही न्यावं.

परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवा. पूर्वेकडचा लेवोतोबी ज्वालामुखी नोव्हेंबर 2024 मध्ये उसळला तेव्हा राखेमुळे लाबुआन बाजोची विमानंही रद्द झाली होती.

आम्ही मूळचे मडगावचे, म्हणून एक जाता जाता: बेटाच्या दुसऱ्या टोकाला लारांतुकाला पोर्तुगीज काळापासूनची गुड फ्रायडेची मिरवणूक निघते. पोर्तुगालने 1859 च्या तहात फ्लोरेस डचांना दिलं, तरी फर्नांडेझ, दा सिल्वा ही आडनावं तिथे आजही आहेत. पुढच्या वेळी ईस्टरला जा.

उर्वी

प्रसाद, सिंगापूर

मीनलताई, काका, उर्वी, मनापासून आभार. काल चौघांनी बसून तुमच्या मेल वाचल्या. एजंटाला नकार कळवला. त्याने लगेच "मग 25 वर्षांचा भाडेपट्टा घ्या" म्हटलं, त्यालाही नाही म्हणालो.

आम्ही जाताना आणि येताना, दोन्ही रात्री डेंगेतल्याच एका कुटुंबाकडे उतरणार आहोत. वाए रेबोची कॉफी गावातूनच, ते सांगतील त्या भावाने घेऊ. मंडळाच्या दिवाळी फराळाच्या टेबलावर ठेवायला किती किलो आणू, ते शुक्रवारपर्यंत कळवा. पैसे आगाऊ दिलेत तर बरं, कारण तिथे रोखच लागते आणि रुतेंग सोडलं की एटीएमचा भरवसा धरता येत नाही.

गाडीत दोन जागा शिल्लक आहेत. चढण झेपणारं कुणी येणार असेल तर मला वेगळी मेल करा.

प्रसाद