आईचं बीपी दहा मिनिटांत एवढं कसं बदलतं?

प्रश्न: आई ५८ वर्षांची, जुळे सोलापूरला असते. सकाळी बीपी १५२/९४, दहा मिनिटांनी १३४/८४. मशीन खराब आहे का? जेवणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी रोज असते.

उत्तर १: मशीनवर लगेच संशय नको. चहानंतर अर्धा तास थांबा. लघवीला जाऊन आल्यावर पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसू द्या. पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात छातीच्या उंचीला टेबलावर. हात लोंबता राहिला किंवा जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा वर जातो. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजा, सकाळ-संध्याकाळ, ७ दिवस. पहिला दिवस सोडून सरासरी काढा. १३५/८५ किंवा जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा.

उत्तर २: ज्वारीची भाकरी खुशाल खाऊ द्या, कडक भाकरीत मीठ असेल तर तेही धरा. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, लोणचं-पापडासकट! शेंगाचटणी घरीच कुटा: मीठ निम्मं, लसूण-तिखट तेवढंच. सैंधव हेही मीठच, त्याने सूट मिळत नाही.

उत्तर ३: गोळी चालू असेल तर आकडा उतरला म्हणून मनाने बंद करू नका, कृपया.