बोकेरिनीचा मिन्युएट सोडून अजून काय ऐकावं? आणि हा माणूस होता तरी कोण?

निशिगंध:
माझी लेक व्हायोलिन शिकतेय, सुझुकी या शिकवण्याच्या पद्धतीचं दुसरं पुस्तक संपत आलंय आणि त्यातला शेवटचा पीस म्हणजे बोकेरिनीचा मिन्युएट, म्हणजे एका जुन्या नाचाची धून. दोन महिने घरात सकाळ-संध्याकाळ तेच चालू आहे, आता मीपण पोळ्या लाटताना गुणगुणते. काल तिने विचारलं, आई हा मोझार्टएवढा मोठा होता का, आणि मला काही सांगताच आलं नाही. सर म्हणाले इटालियन होता, चेलो (व्हायोलिनच्याच कुळातलं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) वाजवायचा, पण आयुष्य स्पेनमध्ये गेलं. स्पेनमध्ये कसा काय पोचला? आणि हा एकच पीस का माहीत असतो सगळ्यांना?

गजतार:
ताई, मी स्वतः चेलो वाजवतो, त्यामुळे हा अगदी जवळचा विषय. लुईजी बोकेरिनी, जन्म १७४३, गाव लुक्का. वडीलही वादक, त्यांनीच सुरुवातीला शिकवलं, मग रोमला शिकायला पाठवलं, पुढे बाप-लेक दोघं व्हिएन्नाच्या थिएटरात वाजवत होते. नंतर मान्फ्रेदी नावाच्या व्हायोलिनवादक मित्राबरोबर दौरा करत पॅरिसला गेला, तिथे नाव झालं, रचना छापून आल्या, आणि तिथून १७६८ मध्ये स्पेन. १७७० मध्ये राजाच्या धाकट्या भावाकडे, डॉन लुईसकडे नोकरी लागली.
आता खरी गंमत. डॉन लुईसच्या पदरी आधीच फोंत नावाच्या बापाची आणि त्याच्या मुलांची चौकडी होती, दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो. हा आला पाचवा, आणि हाही चेलोवालाच! मग याने दोन चेलोंचं पंचक, म्हणजे पाच वाद्यांची रचना, लिहायला घेतलं. एक चेलो खाली आधार देतो आणि दुसरा पार वर चढून व्हायोलिनच्या पट्टीत गातो, तो भाग तो स्वतः वाजवायचा. अशी शंभरावर पंचकं आहेत. तुमच्या लेकीचा मिन्युएट १७७१ च्या अशाच एका पंचकातला. मूळ ऐकवा तिला, पहिलं व्हायोलिन सूर दाबून वाजतं आणि खालची वाद्यं गजाऐवजी बोटांनी छेडतात, इतकं हलकं आहे ते.

सांजवेळ:
एकच पीस का माहीत याचं माझं उत्तर असं की तो संगीताच्या शहरांपासून लांब राहिला. डॉन लुईसने १७७६ मध्ये आपल्यापेक्षा खालच्या घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं म्हणून त्याला दरबारापासून दूर राहावं लागलं, आणि त्याच्याबरोबर बोकेरिनीही डोंगरातल्या आरेनास दे सान पेद्रोला गेला. तिथे ना ऑपेरा ना पब्लिक, घरातलेच वादक आणि घरातलेच ऐकणारे. त्याला कुणीतरी हायडनची (त्याच काळातल्या बड्या संगीतकाराची) बायको म्हटलं होतं, ते वाचून मला फार राग येतो. मऊ लिहितो म्हणजे कमी नाही. १७८१ चं स्टाबात मातेर हे त्याचं धार्मिक गायन ऐका, एक सोप्रानो (उंच पट्टीतला बाईचा आवाज) आणि पाच तंतुवाद्यं, बस्स.
१७८५ मध्ये काही महिन्यांच्या अंतराने बायको गेली आणि मालकही गेला. पुढे प्रशियाच्या राजाने, जो स्वतः चेलो वाजवायचा, माद्रिदला पगार पाठवून रचना मागवल्या, पण १७९७ मध्ये तो वारला आणि तेही बंद. शेवटच्या वर्षांत मुली गेल्या, दुसरी बायको गेली, आणि १८०५ मध्ये माद्रिदला हाही गेला. १९२७ मध्ये अस्थी लुक्काला नेल्या.

निशिगंध:
दोघांचे खूप आभार. मूळ पंचक आत्ताच लावलं, लेक गप्प बसून ऐकत होती. अजून काही सुचवा ना, मुलांना आवडेल असं.

गजतार:
मग माद्रिदच्या रस्त्यांवरचं रात्रीचं संगीत नक्की लावा, १७८० च्या सुमाराचं. चर्चच्या घंटा, शिपायांचा ढोल, आंधळ्या भिकाऱ्यांचा मिन्युएट, तिथे चेलोवाले वाद्य मांडीवर आडवं घेऊन गिटारसारखं वाजवतात. शेवटी रात्रीची गस्त लांबून जवळ येते आणि परत लांब जाते. स्पेनबाहेरच्या लोकांना हे कळणार नाही म्हणून त्याने ते छापायलाच दिलं नव्हतं. व्हिडिओच बघा, नुसतं ऐकू नका, नाहीतर मांडीवरचा चेलो दिसणार नाही.