बँकॉक ट्रिप: जुन्या शहराला फक्त दुपार?

ताई (बी ३०२): सेक्रेटरी भाऊ, ट्रॅव्हलवाल्याचा कार्यक्रम आत्ता वाचला. सकाळी मॉल, जेवण करून २ नंतर सिटी टूर, त्यातच राजवाडा, वाट फो, वाट अरुण (तिथं वाट म्हणजे देऊळ) आणि चायनाटाऊन कोंबलंय. अहो राजवाड्याचं तिकीट साडेतीनला बंद होतं. आपले अर्धे लोक सत्तरीच्या पुढचे, गेटवरून परत फिरायचं का? मागच्या मीटिंगलाही मी हेच बोलले होते.

सेक्रेटरी: नोंद घेतली ताई. मॉल बऱ्याच जणांना पाहिजे होता.

काकी (ए १०१): जेवणाचं काय ठरलं? कांदा लसूण चालणार नाही.

बापू: मॉल बघाले बँकॉक कशाले भो 😀 आणि मे महिन्यात जळगावात राहणाऱ्याले उन्हाचं काय सांगता

ताई (बी ३०२): बापू, आपलं ऊन कोरडं. तिथं दमट उकाडा, घाम वाळतच नाही, म्हणून सकाळी साडेआठला गेट उघडतं तेव्हाच आत जायचं. राजवाड्यातल्या पाचूच्या बुद्धाच्या देवळाभोवती ओवरीत सगळं रामायण रंगवलंय, १७८ चित्रं आहेत, आपल्या भजनी मंडळाच्या बायकांना ते पळत पळत दाखवणार का?

खजिनदार: ज्यांचा ॲडव्हान्स बाकी आहे त्यांनी आधी तो भरावा, मग कार्यक्रमावर बोलावं.

ताई (बी ३०२): मी पहिल्याच दिवशी भरलाय. आणि ज्यांची गाडी दुसऱ्याच्या पार्किंगमधे असते त्यांनी नियम सांगू नयेत.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा 🙏

आप्पा: आपण सोन्याच्या गावचे लोक, चायनाटाऊनच्या याओवारात रोडवर वेळ द्या. दोन्ही बाजूंनी सराफी दुकानं. तिथलं दागिन्याचं सोनं ९६.५ टक्क्यांचं, आपलं २२ कॅरेट ९१.६ चं. आणि जवळच वाट त्रायमितमधे साडेपाच टनाचा सोन्याचा बुद्ध. वरून चुना होता म्हणून कोणाला माहीतच नव्हतं, १९५५ मधे मूर्ती हलवताना पोपडा निघाला तेव्हा कळलं.

बापू: साडेपाच टन!! आप्पा घडणावळ किती लागीन 😂

काकी (ए १०१): कांदा लसूण चालणार नाही, परत सांगते. कोणी उत्तर देत नाही.

वहिनी (सी २०१): काकी, चायनाटाऊनमधे पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेलं असतं ते चिनी शाकाहारी, त्यात कांदा लसूण दोन्ही नसतं, दूध अंडंपण नाही. शेजारीच फाहुरात, आपल्या लोकांचा कापडबाजार, तिथं मोठा गुरुद्वारा आहे, लंगर असतो. पण लंगरच्या भाजीत कांदा असू शकतो, विचारून घ्या.

आप्पा: थायलंडचा राजा पहिला राम, त्यानं १७८२ मधे राजधानी नदीच्या राजवाड्याकडच्या काठावर आणली, तेव्हा आज राजवाडा आहे त्या जागेवर चिनी व्यापारी राहायचे. त्यांना उठवून सांपेंगला बसवलं, तेच आजचं चायनाटाऊन. म्हणजे राजवाडा आणि चायनाटाऊन एकाच गोष्टीचे दोन तुकडे आहेत, लागोपाठ बघितले तरच समजतात.

ताई (बी ३०२): अगदी हेच म्हणणं आहे माझं! सकाळी राजवाडा, मग वाट फोचा ४६ मीटरचा निजलेला बुद्ध, त्याच्या तळपायावर शिंपल्याचं काम आहे ते बघाच. था तियेन धक्क्यावरून होडीनं पलीकडे वाट अरुण. मग होडीनं परत येऊन सनम चाय स्टेशनवरून मेट्रोनं वाट मंगकोन स्टेशन, तिथं वर आलं की चायनाटाऊनच. बसची गरजच नाही.

काका (ए ४०४): माझ्या गुडघ्यांना मेट्रोचे जिने झेपणार नाहीत हो.

वहिनी (सी २०१): लिफ्ट आहेत काका. आपल्या ए विंगसारख्या बंद नसतात.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको प्लीज.

ताई (बी ३०२): आणि सगळ्यांनी लक्षात ठेवा, राजवाड्यात हाफ पँट, बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत. बाहेर कोणी म्हणालं आज राजवाडा बंद आहे, चला टुकटुकनं फिरवतो, तर अजिबात बसायचं नाही, ते खड्याच्या दुकानात नेऊन गळ्यात माल मारतात.

काकी (ए १०१): पिवळ्या पाटीचा फोटो टाका कोणीतरी.

सेक्रेटरी: मॉल संध्याकाळी नेता येईल का ते ट्रॅव्हलवाल्याला विचारतो. पोल टाकलाय, उद्या रात्री ९ पर्यंत मत द्या.

ताई (बी ३०२): पोलमधे सकाळचा पर्यायच नाहीये भाऊ. आधी तो टाका.