शेवंतीचं फूल बघा

काका, सोलापुरात बाळीवेशीतल्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली रायफल निघाली, कागद एकही नाही, मग ती जपानी कशी ठरवायची, असं तुम्ही विचारलंय. कागद नसला तरी लोखंड बोलतं. नळीच्या मागे, गोळी आत जाते त्या भागावर सोळा पाकळ्यांची शेवंती आणि तिच्या खाली तीन जपानी अक्षरं दिसतात का? पहिलं अक्षर म्हणजे नुसत्या तीन आडव्या रेघा असतील तर ती जपानी सैन्याची टाइप ३८ रायफल, ६.५ मिमी गोळीची. पहिली दोन अक्षरं हुबेहूब सारखी असतील तर बहुधा टाइप ९९, ७.७ मिमी गोळीची. फूल घासून काढलेलं असेल तर बहुधा दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती पत्करल्यानंतर हाती आलेली. शाबूत असेल तर लढाईत उचललेली असण्याची शक्यता जास्त. दस्ता दोन तुकड्यांचा जोडलेला दिसेल, ती मोडतोड नव्हे, बनावटच तशी. आणि गंज दिसला म्हणून पॉलिशपेपर मारू नका हो, खुणाच जातील!

पण हे सगळं फोटोवरून, नंतर. आधी वकिलाला घेऊन पोलीस ठाण्यात कळवा. १९५९ च्या शस्त्र कायद्यापुढे 'आजोबांची आठवण' म्हणजे परवाना नव्हे. आजोबा मराठा पलटणीत असतील तर बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला त्यांचा आर्मी नंबर कळवून पत्र टाका; नंबर त्यांच्या पदकावर कोरलेला आहे का बघा.