मदत हवी आहे: पॉपीची रोपं दोन पानांवरच कोलमडतात

मंडळी, पुण्यात गच्चीवर शर्ली पॉपी (शोभेचं फुलझाड) बियांपासून लावतेय. दिवाळीनंतर रात्री गार व्हायला लागल्या की कुंडीतच पेरते. बी फार बारीक, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवते आणि वर माती घालत नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो. उगवण भरघोस होते.

अडतं ते पुढे. कोवळा देठ मातीलगत आधी पाणचट, मग तपकिरी होऊन दोऱ्याएवढा बारीक होतो आणि वरची पानं हिरवीगार असतानाच रोप आडवं पडतं. सकाळी एका कोपऱ्यात दिसलं की लवकरच शेजारचीही जातात. बुरशीच असणार. मिश्रण माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत समसमान, पाणी फवाऱ्याने.

कोकोपीट कमी करून वाळू वाढवू का? कुंडी परातीत ठेवून पाणी खालून दिलेलं बरं का? पेरणीआधी मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून कोणाला गुण आलाय? दाट रोपं उपटली तर शेजारच्यांची मुळं हलतात, म्हणून कात्रीने विरळणी करायची म्हणते. पण ती कधी करावी? सोटमूळ दुखावतं म्हणून रोपं हलवत नाही. कागदी कपात पेरून कपासकट लावलेली जगतात का?

कृपया स्वयंपाकघरातली खसखस सुचवू नका. तीही पॉपीच, पण अफूची, आणि १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने परवान्याशिवाय लावणं गुन्हा आहे.

फेब्रुवारीअखेर ऊन तापतं, त्याआधी फुलं यायला हवीत. आपल्याकडच्या हवेत ज्यांनी पॉपी फुलवलीय त्यांनी नक्की सांगा.