मदत हवी आहे: लॉकडाऊनमध्ये लेकीचा सहावा वाढदिवस, घरात हृदयरोगी आजोबा, शेजारी सात मैत्रिणी

कोथरूडची_आई, ११ जुलै २०२०

नमस्कार. येत्या शनिवारी, १८ तारखेला, माझी लेक ६ वर्षांची होतेय. कोरोनामुळे पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सोमवारी मध्यरात्रीपासून २३ जुलैपर्यंत पुन्हा कडक लॉकडाऊन लागतंय. पहिले पाच दिवस दूध, औषधं, दवाखाने एवढंच, आणि वाढदिवस नेमका त्यातल्या पाचव्या दिवशी. जे काही आणायचं ते उद्या-परवात, म्हणून घाईने लिहितेय.

घरात आम्ही पाच जण. सासरे ७२ वर्षांचे, मधुमेह आहे, चार वर्षांपूर्वी बायपास झालीय. नवरा बँकेत, मार्चपासून रोज कामावर जातो. घरी आला की आधी आंघोळ, मग पोरीला जवळ घेतो. माझे आईबाबा सांगलीला. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास काढून त्यांना या दिवसांत प्रवासाला लावायचं मला पटत नाही, त्यामुळे ते येणार नाहीत.

खरी अडचण बाहेरची नाही, बिल्डिंगमधलीच आहे. आमच्या आणि खालच्या मजल्यावर मिळून हिच्या सात मैत्रिणी आहेत. काल एकीच्या आईने विचारलं, "आपल्याच बिल्डिंगमधली मुलं, तासभर येतील, केक खाऊन जातील, त्यात काय?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. तिने प्रेमानेच विचारलं होतं. मार्चपासून एकमेकींच्या घरातलं दूध, भाजी आम्ही आणून देतोय, तिला दुखवायचं नाहीये. पण सासऱ्यांकडे बघितलं की पोटात गोळा येतो. आणि उलट विचार केला, तर रोज बाहेर जाणारा माणूस आमच्याच घरात आहे. त्या मुलांना आमच्याकडून काही झालं तर?

चार महिने या पोरीने फक्त "नाही" ऐकलंय. शाळा नाही, बाग नाही, आजोळ नाही. परवा झोपताना विचारत होती, "आई, मी या वर्षी सहाची होणार ना?" तेव्हापासून झोप उडालीय.

बेकरी बंद असेल, घरी ओव्हन नाही. शेजारणीला काय आणि कसं सांगू? मैत्रिणी न बोलावता तिला वाढदिवस झाल्यासारखा वाटेल असं काय करता येईल? आजोबांना औक्षणाच्या वेळी लांब बसवायचं का?

डोंबिवलीकर

आमची इमारत मे महिन्यात सील होती तेव्हा मुलाला ८ वं लागलं. आमची चूक आधी सांगतो. सकाळपासून एकामागून एक व्हिडिओ कॉल लावले. काका, मामा, आत्या, शाळेतले मित्र. तिसऱ्या कॉलला पोरगं रडायला लागलं, कारण प्रत्येक जण तेच विचारत होता आणि त्याला नुसतं समोर बसावं लागत होतं. एकच कॉल ठेवा, आणि त्यात काहीतरी खेळा. आम्ही संध्याकाळी सुधारलो: "घरातली लाल रंगाची वस्तू आणा" म्हटलं की सगळी मुलं आपापल्या घरात पळायची. झूम फुकटात ४० मिनिटं चालतं, मुलांना तेवढं पुरतं.

दुपारचा खजिना मात्र जमला. दहा चिठ्ठ्या, एकीत पुढचीचा पत्ता. शेवटची आजीच्या डब्याखाली. तासभर घर पालथं घातलं पठ्ठ्याने.

सह्याद्री_७२

एवढं घाबरून कसं चालेल? गच्चीवर मोकळ्या हवेत चार-पाच मुलं बोलवा, मास्क लावा. मुलांना सोबतही लागते.

बालरोग_सातारा

सह्याद्री, सोबतीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि बंद खोलीपेक्षा गच्ची कितीतरी बरी. पण वाढदिवसात मुलं काय करतात ते डोळ्यांसमोर आणा. केक खायला मास्क उतरतो, मग तो कुणी परत चढवत नाही. सगळी एका टेबलाभोवती दाटीने उभी राहून मोठ्याने गातात. मार्चमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाच्या सरावाला ६१ जण होते. त्यांच्यापैकी ५३ जण आजारी पडले, दोघे दगावले. गाताना-ओरडताना तोंडातून कण जास्त बाहेर पडतात. शिवाय लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस संसर्ग देऊ शकतो, आणि मुलांमध्ये लक्षणं बरेचदा इतकी सौम्य असतात की आईच्याही लक्षात येत नाहीत. "सगळे ठणठणीत आहेत" यावर विसंबता येत नाही ते यामुळे. ज्या घरात बायपास झालेले मधुमेही आजोबा आहेत, तिथे मी बोलावणं टाळेन.

ताई, आजोबांना लांब बसवू नका. तुम्ही पाचही जण एकाच घरात राहता, एकच हवा घेता. औक्षणापुरतं त्यांना वेगळं काढून काही साधणार नाही, पोरीला मात्र ते लक्षात राहील. फक्त त्या आठवड्यात घरात कुणाला ताप, खोकला, घसादुखी वाटली तर ती व्यक्ती वेगळ्या खोलीत. खिडक्या उघड्या ठेवा, पाऊस असला तरी.

आणखी एक, हे मी प्रत्येक पालकाला सांगतोय. सॅनिटायझरमध्ये ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोल असतं, ते पेट घेतं. निरांजन किंवा मेणबत्तीजवळ जायच्या आधी हात साबणाने धुवा आणि सॅनिटायझरची बाटली त्या खोलीतच ठेवू नका. मुलीच्या हातालाही लावू नका.

कृष्णाकाठ

मेणबत्ती कशाला हवी? २०१७ मध्ये अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठात कुणीतरी मोजलं होतं, मेणबत्त्या फुंकल्यावर केकच्या वरच्या थरावर जिवाणू सरासरी १४ ते १५ पट झाले. फुंकून विझवण्यापेक्षा आपलं औक्षण बरं. पाटाभोवती रांगोळी तिच्याकडूनच काढून घ्या. कुंकू, अक्षता, सुपारी, अंगठी, निरांजन. सहा वर्षं म्हणून सहा दिवे लावा, पहिले पाच घरातल्यांनी आळीपाळीने लावायचे, सहावा तिने, तुमचा हात धरून.

केकचं सोपं आहे. दीड वाटी बारीक रवा, पाऊण वाटी पिठीसाखर, वाटीभर दही, पाव वाटी तूप, अर्धा तास झाकून ठेवायचं. लागेल तसं दूध घालून भज्याच्या पिठाइतकं सैल करा, अगदी शेवटी इनोचं एक पाकीट, आणि मग थांबायचं नाही, लगेच तूप लावलेल्या डब्यात ओतायचं. कुकरच्या तळाशी मिठाचा थर, त्यावर जाळी, शिट्टी आणि रिंग दोन्ही काढलेली, पाणी अजिबात नाही. कुकर आधी दहा मिनिटं तापवा, मग मंद आचेवर ३५ ते ४० मिनिटं. सुरी घालून बघा. इनो उद्याच आणून ठेवा, मागच्या लॉकडाऊनमध्ये आमच्याकडे मिळत नव्हतं.

न्यू_जर्सीहून

इकडे एप्रिलपासून लोक गाड्यांतून येतात, घरासमोरून हॉर्न वाजवत, फलक दाखवत हळू पुढे जातात, मूल अंगणात उभं असतं. माझ्या भाचीचा असाच केला, पण ती हॉर्नला घाबरून आत पळाली, म्हणून आवाज जपून. तुमच्याकडे गॅलऱ्या आहेत! शेजारणीला "येऊ नका" असं म्हणूच नका, तिला काम द्या. संध्याकाळी सहाला आपापल्या गॅलरीत या, असं सांगा.

कोथरूडची_आई, १२ जुलै

सगळ्यांचे मनापासून आभार. न्यू जर्सीहून, तुमचं वाक्य वाचलं आणि डोक्यावरचं ओझं उतरलं. आत्ताच सातही घरांना हा निरोप पाठवला:

"आमच्याकडे बाबांची बायपास झालीय आणि हे रोज बँकेत जातात, म्हणून मुलांना घरी बोलवायची मला भीती वाटते, तुमच्यासाठीही आणि आमच्यासाठीही. पण तुमच्याशिवाय वाढदिवस व्हायचा नाही. शनिवारी सहा वाजता आपापल्या गॅलरीत या, प्रत्येकीने एक चित्र काढून आणा. खाऊ आम्ही पोहोचवू."

ज्यांनी विचारलं होतं त्यांचंच पहिलं उत्तर आलं. त्यांच्या सासूबाईंनाही दमा आहे, हे मला चार वर्षांत माहीत नव्हतं. त्याही मनातून घाबरल्याच होत्या म्हणे.

रवा, दही, इनोची चार पाकिटं आणून ठेवलीत. फुगे फुगवायचा हातपंप मिळाला, तोंडाने फुगवायला नको. आज दुपारी कुकरमध्ये एकदा करून बघणार.

कोथरूडची_आई, १९ जुलै

काल झाला वाढदिवस, सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

दुपारी जोराचा पाऊस, मी सारखी आभाळाकडे बघत होते. साडेपाचला थांबला. पहिल्या पाच दिव्यांतला शेवटचा आजोबांनी लावला, हात थोडा थरथरत होता, पोरीने तो खालून धरला. सहावा तिने लावला. केक एका बाजूला जरा कमी फुगला, चव उत्तम. (कृष्णाकाठ, पहिल्या प्रयत्नात मी रिंग काढायला विसरले होते. म्हणून आधी करून बघणं फार उपयोगी पडलं.)

सहा वाजता सातही जणी गॅलऱ्यांत. आमच्या मजल्यावरच्या तिघी कठड्यावरून चित्रं दाखवत होत्या, खालच्या चौघी मान वर करून ओरडत होत्या. खाऊ आम्ही दोरीला कापडी पिशवी बांधून खाली सोडला: राजगिऱ्याच्या वड्या आणि झेंडूच्या बियांची पुडी. पहिली पिशवी खाली पोहोचली तेव्हा इतका आरडाओरडा झाला की समोरच्या बिल्डिंगमधले लोकही बाहेर आले. मग पिशवी रिकामी वर येईना. प्रत्येक वेळी त्यात काहीतरी असायचं, चित्र, कागदाचं फूल, एकदा अर्धी वापरलेली जांभळी खडूकांडी. ती तिच्या सगळ्यात आवडीच्या मैत्रिणीने पाठवली होती.

सांगलीचा एकच कॉल, अर्धा तास. आईबाबांनी तिकडे पाट मांडून समोर फोन ठेवला होता आणि फोनलाच ओवाळलं.

बालरोग_सातारा, एक विचारायचं राहिलं. पिशवी रोज सोडायची असा हट्ट चाललाय. चित्रं, खडू यांची देवाणघेवाण झाल्यावर साबणाने हात धुतले तर पुरेल ना? ती आत्ताच दोरी घेऊन गॅलरीत बसलीय.

बालरोग_सातारा

पुरेल. हात धुवेपर्यंत तोंडाला, डोळ्यांना लावायचे नाहीत, आणि खाऊची अदलाबदल सध्या नको. आणि दोरी मोठ्यांनीच सोडायची, मूल कठड्यावर वाकता कामा नये.